छोटी लेन्स आणि वळून पाहणारा माणूस

प्रश्न थोडक्यात: वय चौतीस, नोकरी हिशेबाची. दोन वर्षांपासून फुजीफिल्मचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ मिमी झूम. ऑफिस सुटल्यावर तासभर आणि रविवारी सकाळी रस्त्यावर फोटो काढतात. झूम 'फार मोठी दिसते, लोक सावध होतात', म्हणून छोटी प्राइम (झूम न होणारी) लेन्स घ्यायची आहे. तीन लेन्सपाशी गाडी अडली आहे: २७ मिमी एफ २.८ ही पातळ 'पॅनकेक', २३ मिमी एफ २ आणि २३ मिमी एफ १.४. (मिमीचा आकडा वाढला की दृश्य चिंचोळं होतं; एफचा आकडा घटला की उजेड आत घेणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं होतं.) पहिली सगळ्यांत छोटी, तिसरी 'अंधारात उत्तम', मधली 'ना इकडची ना तिकडची'. चार महिने परीक्षणं पाहून झाली, निर्णय होत नाही. पत्राच्या शेवटी लिहितात: "बहुतेक फोटो घरी येऊन कापावे लागतात. मागच्या महिन्यात एका माणसाचा फोटो काढताना त्यानं वळून पाहिलं. मी कॅमेरा सरळ पिशवीत टाकला आणि चालू लागलो. लेन्स छोटी असती तर त्याला कळलंच नसतं. तेव्हापासून कॅमेरा फारसा बाहेर काढलेला नाही. कोणती घेऊ?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मीही ग्रॅम आणि मिलिमीटरच मोजत बसले; हा रोग मला जुना आहे. दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळींपाशी थबकले. त्या माणसाकडे आपण येऊच. पण आधी लेन्सचा हिशेब मांडू, कारण हिशेब हे तुमचंच काम, आणि तो नीट लागला नाही तर पुढचं तुम्हाला पटायचं नाही.

आधी आकार. २७ मिमी एफ २.८ चं वजन ८४ ग्रॅम, जाडी २३ मिमी. २३ मिमी एफ २ भरते १८० ग्रॅम, लांबी ५२ मिमीच्या आसपास. २३ मिमी एफ १.४ ची नवी आवृत्ती ३७५ ग्रॅम आणि ७८ मिमी. आता तुमच्या १८-५५ चे आकडे शेजारी ठेवा: ३१० ग्रॅम, ७० मिमी. जी झूम मोठी दिसते म्हणून तुम्ही बदलायला निघालात, तिच्याहून यादीतली तिसरी लेन्स लांबही आहे आणि जडही. हिशेबाच्या माणसाच्या नजरेतून हे सुटलं, म्हणजे 'छोटी हवी' ही अट चार महिन्यांत कधीतरी गळून पडली आणि तिच्या जागी 'चांगली हवी' येऊन बसली. परीक्षणं एवढं काम इमानेइतबारे करतात.

एफ १.४ चा मोह मला कळतो. तुमचा वेळ ऑफिसनंतरचा, म्हणजे उजेड उतरलेला. एफ २.८ वरून एफ २ वर आलात की उजेड दुप्पट, एफ १.४ वर आलात की त्याच्याही दुप्पट. दिवे लागलेत पण झगमगाट नाही अशा रस्त्यावर शटर १/२५० सेकंदावर ठेवलं, तर एफ २.८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) साधारण ६४०० लागेल, एफ २ ला ३२००, एफ १.४ ला १६००. ६४०० चा दाणा, म्हणजे फोटोतली खरखर, डोळ्यांना दिसतो, खोटं कशाला बोलू. पण दाणा चालवून घेता येतो, हललेला चेहरा नाही. सहज चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर पुढे जातो. शटर १/६० असेल तर तेवढ्यात तो सव्वादोन सेंटिमीटर सरकलेला असतो. १/२५० ला अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त. तुमच्या झूममधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, त्याची चाल थांबवत नाही. तेव्हा संध्याकाळसाठी झूमपेक्षा मोठं अ‍ॅपर्चर हवं, ही मागणी रास्त आहे.

पण किती मोठं? २३ मिमी एफ १.४ उघडी ठेवून अडीच मीटरवर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा दोन फुटांच्या थोडा पुढे जातो, बस. रस्त्यावरची माणसं काही ग्रुप फोटोसारखी एका ओळीत उभी राहत नाहीत. एकाच्या डोळ्यांवर फोकस आला की दुसरा गेला. मागची पाटी, खिडकीतली बाई, वाट काढत निघालेलं कुत्रं, ज्यांच्यामुळे तो फोटो रस्त्याचा होतो, ते सगळं रंगीत धुकं. मग तुम्ही अ‍ॅपर्चर एफ ४ वर आणाल आणि वजन मात्र एफ १.४ चं वाहाल. मी अशी लेन्स वर्षभर वापरली आहे. घरातल्या माणसांचे फोटो अप्रतिम आले. रस्त्यावर ती पिशवीतच जास्त हिंडली. तिसरी लेन्स यादीतून काढा.

आता २३ की २७. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा, फ्रेम आडवी, वर-खाली थोडी मोकळी जागा, म्हणजे फ्रेममध्ये दोन मीटर उंची मावली पाहिजे असं धरू. तुमच्या सेन्सरवर १८ मिमीला त्यासाठी सव्वादोन मीटरवर उभं राहावं लागतं. २३ ला जवळजवळ तीन मीटर. २७ ला साडेतीन. ३५ ला साडेचार. २३ आणि २७ मधला फरक अर्ध्या मीटरचा. पाऊणएक पाऊल. चार महिने तुम्ही त्या पाऊणएक पावलावर उभे आहात.

दोन्हींत फरकच नाही असं म्हणत नाही. २३ आडवे सुमारे ५४ अंश पाहते, २७ पाहते ४७. कडेची एखादी पाटी किंवा कोपऱ्यातला मुलगा त्यात येतो किंवा जातो. पण चेहरा कसा दिसेल, नाक किती पुढे येईल, मागचं दार किती लांब भासेल, हे सगळं तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. तुमच्या जागेवरून जे दिसतं, त्यातला किती भाग कापून घ्यायचा, एवढंच लेन्स ठरवते. आणि 'वाइड लेन्स माणसाला जवळ जायला लावते' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. लावत नाही. बुजलेला माणूस २३ मिमी घेऊनही पाच-सहा मीटरवरच उभा राहतो, फोटोतली माणसं बोटाएवढी येतात, आणि घरी येऊन फोटो कापले जातात. तुमच्या पत्रातलं ते कापाकापीचं वाक्य मला म्हणूनच महत्त्वाचं वाटलं.

रस्त्यासाठी अमुकच लेन्स, असा नियम थोरामोठ्या फोटोग्राफरांनीही पाळलेला नाही. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक काळ ५० मिमीवर राहिले. गॅरी विनोग्रँड २८ मिमीवाले. सॉल लायटर यांनी लांबच्या टेलिफोटोतून ओल्या काचा आणि छत्र्या टिपल्या. (हे आकडे फुल फ्रेमचे, म्हणजे तुमच्याहून मोठ्या सेन्सरचे; दीडनं भागलं की तुमचे.) प्रत्येकाचं लोकांपासूनचं अंतर वेगळं होतं, आणि लेन्स त्या अंतरामागून आली. तुम्हाला मात्र आधी लेन्स ठरवायची आहे आणि तिच्यामागून अंतर यावं अशी अपेक्षा आहे.

आता तो माणूस.

'लेन्स छोटी असती तर त्याला कळलंच नसतं.' हे मला तितकंसं पटत नाही. तीन मीटरवरून जाणाऱ्याला ८४ ग्रॅम आणि ३१० ग्रॅम यांतला फरक फारसा जाणवत नाही. पुढे आलेली काच, लांब हूड, चकाकणारी कड डोळ्यांत भरते हे खरं. कार्तिए-ब्रेसाँसुद्धा कॅमेऱ्याच्या चमकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवायचे. पण त्याहून आधी कळतं ते शरीर. कुणीतरी चालता चालता थबकलं, कॅमेरा वर नेला, खाली घेतला, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा वर नेला. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि ते चांदणं समोरच्याला दिसतं. त्या दिवशी त्यानं फक्त वळून पाहिलं होतं. कदाचित तुमच्याकडे पाहिलंही नसेल. गुन्हा झाल्यासारखं वागलात ते तुम्ही, आणि पिशवीत गेलेला कॅमेरा पाहून आता त्याचीही खात्री पटली असणार की काहीतरी काळंबेरं होतं.

लपून काढलेले फोटो वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून समोरच्या बाकावरच्या प्रवाशांचे फोटो काढले, आणि ते विलक्षण आहेत. पण पुस्तकरूपात ते आले १९६६ मध्ये. याउलट विनोग्रँड भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, हसून मान डोलवत फोटो काढायचे. दोन्ही मार्ग चालू शकतात. मात्र लपण्याचा मार्ग घ्यायचा तर तो रोज, प्रत्येक फोटोला निभवावा लागतो. तुमची छाती त्या मानाने भित्री दिसते. माझीही आहे, म्हणून सांगते: भित्र्या माणसानं उघडपणे काढावेत, कमी त्रास होतो.

एक कसोटी मला उपयोगी पडली आहे. शटर दाबण्याआधी स्वतःला विचारायचं, 'त्याला कळलं तर मी हा फोटो काढीन का?' उत्तर नाही आलं तर सोडून द्यायचा. झोपलेली, रडणारी, आजारी माणसं या कसोटीत बहुधा वगळली जातात. अनोळखी लहान मुलं सोबतच्या मोठ्यांशी नजरानजर झाल्याशिवाय नकोतच. कायदा देशागणिक वेगळा असतो. फोटो काढणं आणि तो प्रसिद्ध करणं यांतही तो फरक करतो. जिथे राहता तिथला नियम एकदा नीट वाचून घ्या. निम्मी भीती तिथेच जाते.

राहिलेली निम्मी सवयीनं जाते. माणसांच्या मागे फिरू नका. चांगला उजेड पडलेला एखादा कोपरा, भिंत, जिना पकडा आणि वीस मिनिटं तिथेच उभे राहा. कॅमेरा पहिल्या मिनिटापासून छातीशी, उघडा. नंतर येणाऱ्यांच्या दृष्टीनं तुम्ही तिथलेच असता, ते तुमच्या फ्रेममध्ये येतात. तुम्ही त्यांच्या वाटेत गेलेले नसता. कुणी पाहिलंच तर कॅमेरा सावकाश छातीपर्यंत खाली आणा, त्याखाली नाही. मान हलवा. विचारलं तर खरं सांगा: 'उजेड छान पडला होता, तुम्ही त्यात आलात.' फोटो दाखवा. पुसून टाका म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा, वाद घालू नका. आणि प्रत्येक फोटोनंतर पडद्याकडे पाहायची सवय मोडा. मान खाली जाते तेव्हाच पुढचा क्षण निघून जातो, शिवाय 'याचाच काढला' हे जाहीर होतं.

आवाजासाठी इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचं मनात येईल. दिवसा वापरा. संध्याकाळी एलईडी दिव्यांखाली त्यानं फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. वेगानं जाणारी वाहनं तर केव्हाही तिरकी होऊ शकतात.

आता तुमच्या पिशवीतल्या झूमकडे वळू, कारण निर्णयाचा पुरावा तिच्यात आहे. दोन वर्षांतले तुम्हाला मनापासून आवडलेले पन्नास फोटो काढा. फोटोंच्या माहितीत प्रत्येकाची फोकल लेंथ (लेन्सचा तो मिमीचा आकडा) नोंदलेली असते. ती उतरवून घ्या, आणि कापलेल्या फोटोंचा हिशेब वेगळा करा: निम्मा भाग कापून टाकला असेल तर तुम्ही प्रत्यक्षात १.४ पट लांब लेन्स वापरली. २३ वर काढलेला आणि निम्मा कापलेला फोटो म्हणजे जवळजवळ ३२ मिमीचा. हा तक्ता तुमच्याइतका चांगला कुणी करू शकणार नाही. झूमवाल्यांचे फोटो सहसा दोन टोकांना साचतात, १८ ला आणि ५५ ला. तसं निघालं तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की मधलं अंतर तुम्ही अजून वापरून पाहिलेलं नाही.

मग दोन आठवडे. पहिला आठवडा झूमची रिंग २३ वर ठेवून पट्टी चिकटवा, दुसरा आठवडा २७ च्या आसपास. झूम करायचं नाही, फोटो कापायचे नाहीत. रोज घरी आल्यावर फोटोंकडे पाहून एकच गोष्ट टिपा: आज पुढे जावंसं वाटत होतं की मागे? २३ वर सतत 'आणखी जवळ असतो तर' वाटलं आणि पाय हलले नाहीत, तर २७. २७ वर भिंतीला पाठ लागत राहिली, तर २३. आणि तक्त्यात सगळं ३५ च्या घरात निघालं, तर यादीतली एकही घेऊ नका. ३५ मिमी एफ २ आहे, १७० ग्रॅमची, आणि साडेचार मीटर हे अंतर लाजिरवाणं नाही.

मला आत्ताच पैज लावायला सांगितलीत तर मी मधल्या लेन्सवर लावीन, 'ना इकडची ना तिकडची' असलेल्या २३ मिमी एफ २ वर. कारण फोकस. भर उजेडात एफ ८ ठेवून मॅन्युअलला अडीच मीटरवर फोकस लावून टाकला, की २३ मिमीवर साधारण १.४ ते १० मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा उचला आणि दाबा, डोळ्याला लावायचीही गरज नाही. तेच २७ वर १.६ ते साडेपाच मीटर. म्हणजे रविवार सकाळी २३ जास्त मोकळीक देते. (कॅमेऱ्यात दिसणारी अंतराची पट्टी तुम्हाला याहून फार चिंचोळी दिसेल. मेनूत डेप्थ ऑफ फील्डचं, म्हणजे स्पष्ट पट्ट्याच्या खोलीचं, माप 'पिक्सेल' वरून 'फिल्म' वर आणा. अनेकजण ती पट्टी पाहूनच झोन फोकसिंगचा, म्हणजे असा आधीच फोकस लावून ठेवण्याचा, नाद सोडतात.) पण ऑफिसनंतर एफ २.८ वर दोन्हींचा पट्टा मीटर-दीड मीटरवर येतो, तिथे ऑटोफोकसलाच शरण जावं लागतं. पॅनकेकमध्ये फोकस करताना पुढचा भागच आत-बाहेर सरकतो, मोटर ऐकू येते आणि ती तुलनेनं संथ आहे. २३ मिमी एफ २ मध्ये हालचाल आतल्या आत होते, झटकन आणि निमूट. तिची उणीव अशी, की अगदी जवळच्या गोष्टींवर एफ २ ला ती मऊ पडते. रस्त्यावर वीतभर अंतरावरून फोटो कोण काढतो?

एक गोष्ट सांगू की नको असं झालं होतं, कारण तुमचा आणखी एक महिना जाईल. २०२५ मध्ये २३ मिमी एफ २.८ ही पॅनकेकही आली, ९० ग्रॅमची. तुमच्या यादीत ती नाही. रविवारच्या उजेडातच फोटो काढणार असाल आणि कॅमेरा कोटाच्या खिशात जावा हीच खरी अट असेल, तर ती पाहा. संध्याकाळसाठी माझं मत बदलत नाही. वापरलेली २७ मिमी घेणाऱ्यांसाठी जाता जाता: २०१३ च्या जुन्या आवृत्तीला अ‍ॅपर्चर रिंग नाही, २०२१ च्या नवीला आहे.

दुसऱ्या कॅमेऱ्यांवर हाच प्रश्न घेऊन बसलेल्यांची पत्रंही अधूनमधून येतात. त्यांनी आकड्यांच्या मागे जाण्याआधी आपला सेन्सर पाहावा. कॅननची आरएफ २८ मिमी एफ २.८ फक्त १२० ग्रॅमची, फुल फ्रेमवर ती ऐसपैस. पण कॅननच्या छोट्या सेन्सरवर लावली की १.६ नं गुणायचं, आणि ती ४५ मिमीसारखी वागते. निकॉनची झेड २६ मिमी एफ २.८ १२५ ग्रॅमची. सोनीची ई २० मिमी एफ २.८ तर ६९ ग्रॅम. मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांसाठी (त्यांचा सेन्सर आणखी छोटा) ऑलिंपसची जुनी १७ मिमी एफ १.८ आहे, तिची फोकस रिंग मागे ओढली की अंतराचे आकडे उघडे पडतात, झोन फोकसिंगसाठी याहून सोयीचं क्वचित काही मिळतं. ज्यांच्याकडे कॅमेराच नाही त्यांनी महिनाभर फोनवर काढावेत. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा फुल फ्रेमच्या हिशेबानं २४ ते २६ मिमीच्या आसपासचा असतो. तो तुम्हाला अपुरा वाटतो की पुरेसा, यावरून पुष्कळ कळतं.

तुमच्याकडे परत. लेन्स येईपर्यंत कॅमेरा पिशवीबाहेर राहू द्या, मनगटाच्या पट्ट्याला, चालू स्थितीत. आणि झूमवर चिकटवायची पट्टी कागदी घ्या, रंगकाम करणारे वापरतात ती. मी साधी प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावली होती. उन्हानं तिचा गोंद रबरी रिंगच्या खाचांत शिरला आणि एक अख्खी संध्याकाळ काडीला कापूस गुंडाळून तो काढण्यात गेली.